इंग्रजी वाक्यात अ‍ॅडजेक्टिव्ह कसं ओळखायचं? शब्द नका बघू, जागा बघा

'फास्ट' हा अ‍ॅडजेक्टिव्ह आहे का अ‍ॅडव्हर्ब? असं कोणी विचारलं ना की मी उलट विचारतो, वाक्य कुठाय? कारण 'अ फास्ट ट्रेन' म्हटलं की तो अ‍ॅडजेक्टिव्ह, 'शी रन्स फास्ट' म्हटलं की अ‍ॅडव्हर्ब, 'दे फास्ट वन्स अ वीक' मध्ये तर तो चक्क व्हर्ब आहे, म्हणजे ते लोक उपास करतात, आणि 'अ लाँग फास्ट' मध्ये तोच उपास नाउन होऊन बसलाय. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, जात मात्र चार वेळा बदलली. त्यामुळे सुटा शब्द हातात देऊन याची जात सांगा म्हटलं तर ते भल्याभल्यांना जमणार नाही, आणि बरीच मुलं नेमकं हेच करत बसतात, शब्दांच्या याद्या पाठ करतात, गुड अ‍ॅडजेक्टिव्ह, रन व्हर्ब, टेबल नाउन, आणि मग पेपरात 'अ मॉर्निंग रन' आलं की गाडी अडते.

आपला गोंधळ का होतो तेही बघू. मराठीत बराचसा कारभार शब्दाच्या शेपटीवर चालतो. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक, चांगल्या मुलाला, म्हणजे विशेषणच पुढच्या नामाशी जुळवून घेत असतं (सगळी नाही हं, हुशार, सुंदर, लाल ही ढिम्म हलत नाहीत). 'मुलाने कुत्र्याला पाहिलं' म्हणा नाहीतर 'कुत्र्याला मुलाने पाहिलं' म्हणा, कोणी कोणाला पाहिलं ते बदलत नाही कारण ते 'ने' आणि 'ला' सांगतात. इंग्रजीत 'द बॉय सॉ द डॉग' मधल्या बॉय आणि डॉगची अदलाबदल केली की पाहणाराच बदलतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही अशा शेपट्या होत्या बरं का, अ‍ॅडजेक्टिव्ह तिथेही लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदलायचे, पण नंतर त्या झिजत झिजत गेल्या आणि सगळा भार शब्दांच्या क्रमावर येऊन पडला. म्हणून इंग्रजीत शब्द कुठे बसलाय आणि शेजारी कोण आहे हे आधी बघायचं, अर्थाचं नंतर.

शाळेतली व्याख्या असते की नामाबद्दल विशेष माहिती सांगतो तो अ‍ॅडजेक्टिव्ह आणि क्रिया दाखवतो तो व्हर्ब. चुकीची नाहीये ती, पण ओळखायच्या कामाला फार अपुरी पडते. 'ब्यूटी' मध्ये गुण आहे पण तो नाउन, 'डिस्ट्रक्शन' मध्ये चांगली दणदणीत क्रिया आहे तरी तोही नाउनच, आणि 'नो' म्हणजे माहीत असणे, यात काही हलत नाही डुलत नाही तरी तो व्हर्ब. अर्थावर विसंबलं की असं फसायला होतं.

अर्थ बाजूला ठेवून काम होतं का, ते करूनच बघू. मी एक वाक्य बनवलंय, यातले मोठे शब्द कुठल्याच डिक्शनरीत सापडणार नाहीत: 'द ट्रेमिश ब्लिक्स ग्लॉर्ब्ड अ व्हेरी प्लूनी झर्ब.' आता 'द' आला म्हणजे एक नाउनचा गट सुरू झाला आणि तो कुठेतरी नाउनवर जाऊन थांबणार हे नक्की. 'ब्लिक्स' ला शेवटी 'स' लागलाय आणि त्याच्यानंतर 'ड' चा शेवट असलेला 'ग्लॉर्ब्ड' आहे, भूतकाळाचा शेवट, म्हणजे गट 'ब्लिक्स' वर संपला आणि व्हर्ब सुरू झाला. मग 'द' आणि 'ब्लिक्स' च्या मधे अडकलेला 'ट्रेमिश' कोण असणार? अ‍ॅडजेक्टिव्ह. शिवाय त्याचा शेवट फूलिश, चाइल्डिश सारखा, म्हणजे अजून एक पुरावा. पुढे 'अ' आला, परत नवा गट, 'व्हेरी' आला म्हणजे त्याच्या मागोमाग येणारा 'प्लूनी' अ‍ॅडजेक्टिव्ह, आणि शेवटी उरलेला 'झर्ब' नाउन. आता प्रश्नसुद्धा विचारता येतात, कोणी ग्लॉर्ब केलं? ट्रेमिश ब्लिक्सनी. झर्ब कसा होता? व्हेरी प्लूनी. एका शब्दाचाही अर्थ माहीत नाही आणि उत्तरं सगळी बरोबर.

तर अ‍ॅडजेक्टिव्हसाठी तपासायच्या जागा या. 'द' किंवा 'अ' आणि नाउन यांच्या मधे बसतो का, 'इज', 'वॉज', 'सीम्स' च्या नंतर बसतो का, आधी 'व्हेरी' लागतं का, आणि त्याचं तुलनेचं रूप होतं का, म्हणजे 'हॅपिअर' किंवा 'मोअर ब्यूटिफुल' असं काहीतरी. 'हॅपी' घ्या, अ हॅपी चाइल्ड, द चाइल्ड इज हॅपी, व्हेरी हॅपी, हॅपिअर, चारही ठिकाणी आरामात पास. नाउनची तपासणी वेगळी, 'द' लागतो का आणि अनेकवचन होतं का. व्हर्बची अजून सोपी, आधी 'कॅन' किंवा 'विल' लावून बघा, 'विल रन' चालतं, 'विल हॅपी' चालत नाही.

पण सगळेच अ‍ॅडजेक्टिव्ह चारही परीक्षा पास होत नाहीत आणि इथे लोक घाबरतात. 'द मेन रीझन' बरोबर, पण 'द रीझन इज मेन' कोणी म्हणत नाही, 'व्हेरी मेन' पण नाही. 'फॉर्मर', 'मियर', 'अटर' हे याच पंथातले, फक्त नाउनच्या आधी बसणार. उलट्या बाजूला 'अस्लीप', 'अफ्रेड', 'अलाइव्ह', 'अवेक', हे नाउनच्या आधी यायलाच तयार नाहीत. 'द चाइल्ड इज अस्लीप' म्हणायचं, 'अ‍ॅन अस्लीप चाइल्ड' नाही, तिथे 'अ स्लीपिंग चाइल्ड' करावं लागतं. तरी हे दोन्हीकडचे अ‍ॅडजेक्टिव्हच, पहिल्या दोन जागांपैकी एक तरी नीट जमली की आणि नाउनच्या परीक्षेत तो नापास झाला की झालं.

नाउनच्या परीक्षेत नापास व्हायला हवा असं का म्हटलं, तर 'स्टोन वॉल' आणि 'स्कूल बस' मुळे. 'स्कूल' बसच्या आधी बसलाय, कुठली बस ते सांगतोय, मग अ‍ॅडजेक्टिव्ह का नाही? 'द बस इज स्कूल' म्हणून बघा. 'अ व्हेरी स्कूल बस' म्हणून बघा. हसू येतं ना? तो नाउनच आहे, फक्त दुसऱ्या नाउनला मदत करायला पुढे उभा राहिलाय. काही जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत याला अ‍ॅडजेक्टिव्हसारखा वापरलेला नाउन म्हणतात, तेही चालेल, पण 'वुडन' आणि 'स्टोन' एकाच खिशात टाकू नका, 'द चेअर इज वुडन' म्हणता येतं.

आता ज्या एका जागी मला वाटतं सगळ्यात जास्त मार्क जातात (आणि बोलतानाही सगळ्यात जास्त चुका होतात) तिथे जरा थांबू. 'ही लुक्ड अँग्री' आणि 'ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द डॉग.' दोन्हीत 'लुक्ड', मग एकात अ‍ॅडजेक्टिव्ह आणि दुसऱ्यात अ‍ॅडव्हर्ब कसा? कारण हे दोन वेगळे 'लुक्ड' आहेत. पहिल्यात तो कोणाकडे बघतच नाहीये, तो रागावलेला दिसतोय, म्हणजे 'अँग्री' हा शब्द 'ही' बद्दल बोलतोय. दुसऱ्यात तो खरोखर कुत्र्याकडे बघतोय आणि कसं बघतोय ते 'अँग्रिली' सांगतोय. ओळखायची युक्ती अशी की व्हर्ब काढून तिथे 'वॉज' टाकायचा. 'ही वॉज अँग्री', वाक्य टिकलं, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्हची जागा. 'ही वॉज अँग्रिली अ‍ॅट द डॉग', वाक्य कोसळलं, म्हणजे अ‍ॅडव्हर्ब. लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड, सीम, बिकम, शिवाय 'टर्न्ड पेल' मधला टर्न, 'ग्रू टायर्ड' मधला ग्रो, 'स्टेड काम' मधला स्टे, या सगळ्यांना हीच युक्ती लागू. 'द डॉग स्मेल्स बॅड' म्हणजे कुत्र्याला आंघोळ घाला, आणि 'द डॉग स्मेल्स बॅडली' म्हणजे शब्दशः घेतलं तर त्याचं नाक नीट काम करत नाहीये. म्हणूनच 'आय फील बॅड' म्हणायचं, 'बॅडली' लावलं की जास्त शुद्ध वाटतं म्हणून लावायचं नाही.

याचाच चुलतभाऊ म्हणजे 'आय फाउंड द टेस्ट ईझी' आणि 'आय फाउंड द हाउस ईझिली.' पहिल्यात टेस्ट सोपी होती, दुसऱ्यात घर सोपं नव्हतं, सापडायला त्रास झाला नाही एवढंच. शब्द कोणाबद्दल बोलतोय हे विचारलं की लगेच कळतं.

बरं, शेवटी 'ली' आला की अ‍ॅडव्हर्ब, हा नियम कोणी सांगितला असेल तर अर्धाच लक्षात ठेवा. फ्रेंडली, लव्हली, लोनली, अग्ली, सिली हे सगळे अ‍ॅडजेक्टिव्ह, 'अ फ्रेंडली डॉग' म्हणतोच की आपण. साधारण असं दिसतं की अ‍ॅडजेक्टिव्हला 'ली' लावला (क्विक, क्विकली) तर अ‍ॅडव्हर्ब होतो आणि नाउनला लावला (फ्रेंड, फ्रेंडली) तर बहुतेक वेळा अ‍ॅडजेक्टिव्ह होतो. 'डेली' आणि 'अर्ली' दोन्हीकडे चालतात. आणि 'हार्ड' चा अ‍ॅडव्हर्ब 'हार्डली' नाही, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे कष्ट करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे जवळजवळ काहीच करत नाही, एखाद्याची शिफारस लिहिताना ही गडबड झाली तर बिचाऱ्याचं कल्याणच.

'इंग' वाले शब्द म्हणजे अजून एक डोकेदुखी. 'शी इज स्विमिंग' मध्ये व्हर्बचा भाग, 'स्विमिंग इज फन' मध्ये नाउनचं काम करतोय. 'अ स्लीपिंग चाइल्ड' आणि 'अ स्लीपिंग बॅग' शेजारी शेजारी ठेवून बघा, मूल झोपलेलं आहे, बॅग झोपलेली नाहीये, ती झोपण्यासाठी आहे. म्हणून पहिल्यात तो पार्टिसिपल, अ‍ॅडजेक्टिव्हचं काम करणारा, आणि दुसऱ्यात जेरंड म्हणजे नाउनच्या बाजूचा. 'द फिल्म वॉज बोरिंग' मध्ये 'व्हेरी बोरिंग' म्हणता येतं, म्हणजे पक्का अ‍ॅडजेक्टिव्ह, पण 'द फिल्म वॉज बोरिंग मी' मध्ये पुढे 'मी' हा ऑब्जेक्ट आला, 'व्हेरी' लागणार नाही, म्हणजे व्हर्ब. 'ड' किंवा 'न' वाल्यांचंही तसंच, 'आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टेड' अ‍ॅडजेक्टिव्ह, आणि 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द स्टॉर्म' मध्ये 'बाय' वाला करणारा समोर उभा आहे म्हणून तिथे व्हर्ब. तो 'बाय' चा तुकडा काढून नुसतं 'द विंडो वॉज ब्रोकन' ठेवलं तर खरं सांगायचं तर दोन्ही अर्थ निघतात, खिडकी फोडली गेली किंवा खिडकी फुटलेल्या अवस्थेत होती, आणि मागचंपुढचं वाक्य बघितल्याशिवाय कोणीही छातीठोक उत्तर देऊ नये.

अ‍ॅडव्हर्ब म्हणजे ग्रामरची अडगळीची खोली. जे कुठे बसेना ते तिथे नेऊन ठेवलंय. क्विकली, व्हेरी, नॉट, नाऊ, हिअर, पर्हॅप्स, अन्फॉर्च्युनेटली, यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही, कोणी व्हर्बला सांभाळतं, कोणी अ‍ॅडजेक्टिव्हला, कोणी अख्ख्या वाक्याला. म्हणून अ‍ॅडव्हर्बची एक पक्की परीक्षा शोधत बसू नका, तो नाउनला चिकटलेला नाही आणि कसं, कधी, कुठे, किती यापैकी कशाचं तरी उत्तर देतोय एवढं बहुतेक वेळा पुरतं. 'होम' सुद्धा 'गो होम' मध्ये अ‍ॅडव्हर्ब आहे, म्हणूनच तिथे 'टू' लागत नाही, आपण 'घरी' मधला 'ई' भाषांतर करून 'गो टू होम' करतो ते इथे खटकतं.

छोटे शब्दही जात बदलतात. 'आफ्टर द मीटिंग' मध्ये 'आफ्टर' च्या मागून नाउनचा गट आला, म्हणजे प्रेपोझिशन. 'आफ्टर ही लेफ्ट' मध्ये त्याच्या मागून कर्ता आणि व्हर्ब असलेलं पूर्ण वाक्य आलं, म्हणजे कन्जंक्शन. 'बिफोर', 'सिन्स', 'टिल' यांनाही हीच कसोटी, आणि 'आय हॅव सीन हिम बिफोर' मध्ये मागून काहीच आलं नाही म्हणून तिथे अ‍ॅडव्हर्ब. 'लुक अप द वर्ड' मधला 'अप' वेगळाच, कारण 'लुक द वर्ड अप' असं त्याला उचलून मागे नेता येतं, 'ही वॉक्ड अप द हिल' चं 'ही वॉक्ड द हिल अप' करता येत नाही. 'दॅट' तर पाच जातींमधून फिरून येतो, पण त्याची यादी देत बसत नाही, 'नॉट दॅट बॅड' मध्ये तो अ‍ॅडव्हर्ब आहे एवढं सांगून सोडून देतो. इंटरजेक्शनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ओह आणि वाव कोणालाही ओळखता येतात.

आठच जाती का, सात किंवा दहा का नाहीत? आठ हा आकडा प्राचीन ग्रीक व्याकरणातून आलाय, डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ जाती आहेत पण गंमत म्हणजे त्यात अ‍ॅडजेक्टिव्ह वेगळा नाहीच, तो नाउनमध्येच धरलाय, कारण ग्रीकमध्ये दोघांना विभक्ती सारख्याच लागतात. लॅटिनमध्ये 'द', 'अ' सारखे शब्द नव्हते, मग एक जात कमी पडली, तिथे इंटरजेक्शन आणून आठ भरले. आपल्याकडे यास्कांनी निरुक्त या प्राचीन संस्कृत ग्रंथात चारच सांगितल्या, नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे छोटी अव्ययं), विशेषणाला तिथेही स्वतंत्र घर नाही. मराठीत आपण शिकतो त्या आठ जाती एकोणिसाव्या शतकात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर बसवल्या गेल्या, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं. सांगायचा मुद्दा हा की या जाती काही निसर्गाने दिलेल्या नाहीत, माणसांनी सोयीसाठी केलेली वाटणी आहे, म्हणून काठावरचे शब्द सापडले की वैतागायचं नाही.

जागेची ताकद बघायची असेल तर एक वाक्य भाषाशास्त्रवाल्यांचं लाडकं आहे: 'द ओल्ड मॅन द बोट.' पहिल्यांदा वाचलं की वाटतं छपाईची चूक आहे, 'द ओल्ड मॅन', म्हातारा माणूस, आणि मग 'द बोट', अरे व्हर्ब कुठे गेला? आता परत हळू वाचा. दुसरा 'द' आला म्हणजे तिथे नवा गट सुरू झाला, त्याच्या आधी व्हर्ब असायलाच हवा, आणि आधी फक्त 'मॅन' आहे. 'टू मॅन अ बोट' म्हणजे बोटीवर माणसांनी काम सांभाळणे, तर 'मॅन' हाच व्हर्ब. मग 'ओल्ड' च्या पुढे नाउनच उरला नाही, म्हणजे 'द ओल्ड' हाच पूर्ण गट, म्हातारे लोक. बोट म्हातारे लोक चालवतायत! 'द रिच', 'द पुअर' हीच रचना, आणि तिथे 'द व्हेरी पुअर' म्हणता येतं पण 'द पुअर्स' म्हणता येत नाही, म्हणजे नाउनच्या खुर्चीत बसूनही आतून अ‍ॅडजेक्टिव्हच राहिलाय.

अ‍ॅडजेक्टिव्ह नाउनच्या नंतर पण बसतो कधीकधी. 'समथिंग न्यू' मध्ये आधी जागाच नाही म्हणून. पण काही ठिकाणी आधी बसला की एक अर्थ आणि नंतर बसला की दुसरा: 'द प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद, 'द मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे जे आत्ता हजर आहेत ते. अर्जात, ईमेलमध्ये आपण सर्रास 'द कन्सर्न्ड ऑफिसर' लिहितो, आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या इंग्रजी वाचणाऱ्याला तो काळजीत पडलेला ऑफिसर वाटू शकतो, संबंधित अधिकारी म्हणायचं असेल तर 'द ऑफिसर कन्सर्न्ड.'

राहता राहिले 'माय', 'हिज', 'धिस', 'सम' हे शब्द. शाळेच्या बऱ्याच पुस्तकांत यांना अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणतात, पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह, डेमॉन्स्ट्रेटिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह वगैरे, आणि नव्या पद्धतीच्या ग्रामरमध्ये 'द' आणि 'अ' बरोबर यांना डिटरमायनर या वेगळ्या जातीत टाकतात. मला दुसरं पटतं, कारण 'व्हेरी माय' होत नाही, 'द माय बुक' होत नाही, आणि 'बिग रेड बॉल' सारखी यांची रांगही लागत नाही, एका वेळी एकच. पण परीक्षेत माझं पटणं काही कामाचं नाही, तुमच्या कोर्सच्या पुस्तकात जे लेबल आहे तेच लिहा. फक्त 'धिस इज हिज बुक' आणि 'धिस बुक इज हिज' मध्ये गल्लत करू नका, दुसऱ्यातला 'हिज' एकटा उभा आहे, पुढे नाउन नाही, तो दोन्ही पद्धतींत प्रोनाउनच, आणि शंका आली तर तिथे 'माय' घालून बघा, 'धिस बुक इज माय' होत नाही, 'माइन' करावं लागतं.